तुमच्यात चालतं ना हे?

"तुमच्यात चालतं ना हे?" हा प्रश्न सांगलीत मला इतक्या जणांनी विचारलाय की आता मी उत्तर द्यायच्या आधी चहा सांगते, कारण उत्तर एका वाक्यात बसत नाही. विचारणाऱ्याचं लॉजिक सरळ असतं, ख्रिश्चन म्हणजे फॉरेनचे, फॉरेनमध्ये गे लोकांची लग्नं होतात, मोबाईलवर दिसतं, म्हणजे ख्रिश्चनांत चालत असणार. आणि इकडं रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपून आवारात उभं राहिलं की आमच्यातलेच एक काका म्हणणार, हे सगळं फॉरेनचं खूळ हाय, आपल्यात कुठं होतं असलं. म्हणजे दोन्हीकडून फॉरेनच. आणि या दोघांच्या मधी माझा आतेभाऊ, जो सांगलीच्या सिव्हिलमध्ये जन्मला, भडंग कुणाचं चांगलं यावर अर्धा तास बोलू शकतो आणि ज्याचा पासपोर्टसुद्धा अजून निघालेला नाही.

तो गे आहे. घरात सगळ्यांना माहितीये, फक्त बोलायचं नाही असं ठरल्यासारखं आहे. लिही म्हणाला, नाव टाकू नको म्हणाला, म्हणून नाही टाकत. मी काय थिऑलॉजी शिकलेली नाही, बँकेत काउंटरवर बसते, पण घरात एवढी भांडणं झाली की म्हणलं एकदा नीट वाचूनच काढू चर्च नक्की काय म्हणतं ते, कारण भांडणारे सगळे "चर्च म्हणतं" असंच सुरू करायचे आणि वाचलेलं कुणीच नव्हतं.

आधी आम्ही कोण ते सांगते नाहीतर पुढचं कळणार नाही. मिरजेत मिशन हॉस्पिटलमुळं ख्रिस्ती लोक बरेच आहेत, वानलेस हॉस्पिटल सगळ्यांना माहितीये, पण ते प्रोटेस्टंट, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे. आम्ही कॅथलिक, संख्येनं मूठभर, आमचं मूळ गाव राहुरीकडचं, आजोबा कारखान्याच्या नोकरीसाठी इकडं आले आणि राहिले. अजून सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आमच्या घरातून कुणीतरी जातंच, आणि 'निरोप्या' मासिक, जे १९०३ पासून निघतंय, ते आजोबांच्या ट्रंकेत गठ्ठ्यानं आहे. बाहेरच्यांना मिरजेचे आणि आम्ही एकच वाटतो. पण या विषयात फरक मोठा पडतो, कारण त्यांच्याशी वाद घातला की ते बायबल उघडून ओवी दाखवतात, आणि आमच्यात बायबल आहेच पण त्याच्या मागं पोप, परिषदा, कॅनन लॉ म्हणजे चर्चचा कायदा, कॅटेकिझम अशी सगळी रांग उभी असते. त्यामुळं "ख्रिश्चन काय म्हणतात" या प्रश्नाला एक उत्तर नाहीच, कॅथलिक काय म्हणतात एवढंच मी सांगू शकते, आणि तेही बघा किती लांबतंय.

तर कॅटेकिझम. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात १९९२ मध्ये निघालेलं, चर्चची शिकवण एकत्र सांगणारं जाडजूड पुस्तक, त्यात २८६५ परिच्छेद, त्यातले तीन या विषयावर, २३५७ ते २३५९. एवढंच. पहिल्यात म्हणलंय की समलिंगी संबंध हे मुळातच सुव्यवस्थेला सोडून आहेत, निसर्गनियमाच्या विरुद्ध आहेत, त्यातून जीव जन्माला येण्याचा रस्ता बंद होतो, म्हणून कुठल्याही परिस्थितीत मान्य करता येणार नाहीत. दुसऱ्यात म्हणलंय की अशी ओढ खोलवर असलेल्या स्त्री-पुरुषांची संख्या काही नगण्य नाही, त्यांना आदरानं, करुणेनं, संवेदनशीलतेनं स्वीकारायचं आणि त्यांच्याशी अन्यायाचा भेदभाव होईल असं काहीही करायचं नाही. तिसऱ्यात, त्यांनी ब्रह्मचर्यानं राहावं, प्रार्थना आणि संस्कारांच्या आधारानं ते पवित्रतेकडं जाऊ शकतात.

आता गंमत बघा, काका पहिला परिच्छेद सांगतात आणि थांबतात. माझी कॉलेजातली भाची दुसरा सांगते आणि थांबते. दोघंही शपथेवर सांगतील की चर्चची शिकवण आम्ही सांगतोय. आणि खोटं कुणीच बोलत नाहीये.

एक गोष्ट वाचताना मला लई लागली. १९९२ च्या आवृत्तीत दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं, की हे लोक आपली ही अवस्था स्वतः निवडत नाहीत. १९९७ मध्ये लॅटिनमधली अधिकृत आवृत्ती आली तेव्हा ते वाक्य काढलं आणि त्या जागी आलं की ही ओढसुद्धा सुव्यवस्थेला सोडून आहे. म्हणजे पाच वर्षांत "त्यांनी निवडलेलं नाही" गेलं. चर्चनं उलटं काही शिकवलं असं नाही, निवडतात असं कुठं म्हणलेलं नाही, आणि १९७५ च्या व्हॅटिकनच्या पत्रकातसुद्धा काही जणांत हे उपजत असतं आणि जात नाही या मताची दखल घेतलेलीच आहे. पण आमच्या आत्याला ते एक वाक्य छापील दाखवता आलं असतं तर तिची निम्मी रडारड थांबली असती, कारण तिचा सगळा प्रश्नच हा की माझं काय चुकलं, मी पोराला काय कमी केलं.

बायबलमधल्या ओव्यांबद्दल फार लिहीत नाही, त्यावर नेटवर ढीग पडलाय. सदोमची गोष्ट सगळे सांगतात, पण यहेज्केलच्या सोळाव्या अध्यायात सदोमचं पाप काय होतं ते सरळ लिहिलंय, गर्व, पोटभर अन्न, निवांतपणा आणि गरिबाला हात न देणं. लेवीयमधली मनाई आहे, पण तिच्याच आजूबाजूला दोन जातीच्या सुतांचं कापड घालू नका असंही आहे आणि आपण सगळे टेरिकॉट घालून मिस्साला जातो. राहिला पौल, रोमकरांस पत्र, पहिला अध्याय. यावर अभ्यासकांत दोन तट आहेत, एक म्हणतात पौल त्या काळच्या मूर्तिपूजेतल्या आणि गुलामांच्या शोषणातल्या संबंधांबद्दल बोलतोय, आजच्या बरोबरीच्या नात्याची त्याला कल्पनाच नव्हती. दुसरे म्हणतात नाही, त्याला सगळंच नामंजूर होतं. मला विचाराल तर पौलाला ओढूनताणून आपल्या बाजूला घेण्यात अर्थ नाही, तो वाचताना आपल्या बाजूचा वाटत नाही. पण कॅथलिक शिकवणीचा खरा खांब ह्या ओव्या नाहीतच, आणि हे आमच्या लोकांना सांगून पटत नाही.

खरा खांब म्हणजे निसर्गनियम. तेराव्या शतकातला संत थॉमस अक्वायनस, त्यानं पक्की केलेली मांडणी. देवानं प्रत्येक गोष्ट एका उद्देशानं केली, शरीरसंबंधाचा उद्देश नवरा-बायकोचं एक होणं आणि जीव जन्माला येणं, हे दोन्ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत, जिथं मुद्दाम तोडलं तिथं पाप. वाचायला एकदम नीटनेटकं वाटतं. फक्त ह्या मांडणीत एकटे समलैंगिक येत नाहीत. त्यात गोळ्या येतात, निरोध येतो, कॉपर टी येते, आणि ऑपरेशन येतं.

१९६८ मध्ये पोप पॉल सहावे यांचं परिपत्रक आलं, 'हुमाने व्हिते'. त्याआधी ह्या विषयावर नेमलेल्या आयोगातल्या बहुसंख्य सभासदांनी शिकवण बदलायला हरकत नाही असा कौल दिला होता, पोपनी तो घेतला नाही, आणि कृत्रिम संततिनियमन आणि नसबंदी दोन्ही नाकारलं. ते आजपण तसंच आहे, शब्द बदललेला नाही. आणि आता आमच्या चर्चमध्ये रविवारी नजर फिरवा. घरटी दोन पोरं, फारफार तर तीन. हे काय सगळे कॅलेंडर बघून करतात होय? बायका आपसात बोलतात तेव्हा सरळ बोलतात, दुसरं झालं आणि ऑपरेशन करून घेतलं, सरकारी कॅम्पात, नर्सबाई घरी येऊन नाव लिहून गेली. ज्या बाईनं ऑपरेशन केलं ती पुढच्या रविवारी कम्युनियनच्या रांगेत असते, फादर तिला ख्रिस्तप्रसाद देतात, कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये.

माझ्या आत्याचं ऑपरेशन ह्याच आतेभावाच्या जन्मानंतर झालेलं. मी एकदा धीर करून म्हणलं तिला,

"आत्या, पुस्तकात दोन्ही एकाच कारणासाठी मना आहे. तुझं ऑपरेशन आणि त्याचं हे."

"ते येगळं गं."

"कसं वेगळं?"

"आमची परिस्थिती नव्हती बाई. तुझ्या मामांचा पगार केवढा, दोघांचंच भागंना, तिसरं कुठून आणू. देवाला कळतंय की."

मामा म्हणजे तिचे मिस्टर, माझे आत्तोबा, माझ्याशी बोलताना ती काहीही नातं लावते. तर ती उठून भाकरी करायला गेली आणि मी तिथंच बसून राहिले, कारण हा जो मुद्दा ती बोलून गेली तो पोप फ्रान्सिस यांच्या २०१६ च्या पत्रात शे-दोनशे पानं खर्च करून मांडलेल्यातला एक मोठा मुद्दा आहे, की नियम एक असतो आणि माणसाची अवस्था, त्याच्यावरचं ओझं, त्याची सदसद्विवेकबुद्धी हे सगळं बघूनच त्याच्या दोषाचं माप काढायचं. आत्यानं ते पत्र वाचलेलं नाही. तिनं स्वतःपुरतं, देवासमोर, कुणाला न विचारता ठरवून टाकलं. चर्चमधल्या सगळ्या बायकांनी ठरवलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की ही सवलत आपण स्वतःला घेतो आणि पोराला देत नाही. पोरानं विचारलं की आपण लगेच अक्वायनस होतो.

हे मी आमच्या फादरांना पण बोलून दाखवलं. तरुण आहेत, पुण्याला शिकून आलेले, चर्चेला कधी नाही म्हणत नाहीत. ते म्हणाले, ताई, तुमचं तर्कशास्त्र बरोबर आहे पण निष्कर्ष उलटा काढताय, दोन्ही चूक असेल तर दोन्ही चूक, एक लपून राहतं म्हणून दुसरं बरोबर ठरत नाही. आणि म्हणाले, ब्रह्मचर्य म्हणजे शिक्षा असं का धरता, मीपण तसाच राहतो की. त्यांनी मला करेज नावाच्या गटाबद्दल सांगितलं, १९८० मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेला, फादर जॉन हार्वे यांनी चालवलेला, तिथं समलैंगिक कॅथलिक एकमेकांच्या आधारानं चर्चच्या शिकवणीप्रमाणे राहायचा प्रयत्न करतात. अशी माणसं आहेत, स्वतःहून तसं जगणारी, आणि त्यांना दडपलेली बिचारी म्हणून उडवून लावणं मला पटत नाही, त्यांचा निर्णय त्यांचा. फादरांचं सगळं बोलणं एकसंध होतं, आमच्या काकांसारखं सोयीचं नव्हतं, म्हणून मला त्यांच्याशी भांडायला पण बरं वाटतं.

पण भांडले. म्हणलं फादर, तुम्ही ब्रह्मचर्य निवडलं, सेमिनरीत, फादर व्हायच्या शिक्षणात, वर्षानुवर्षं विचार करायला दिला तुम्हाला, मध्येच परत जायची मुभा होती. चर्च स्वतःच सांगतं की ही एक देणगी आहे, सगळ्यांना मिळत नाही. मग ज्याला ती मिळालेली नाही त्याला फक्त तो कुणाकडं ओढला जातो यावरून ती आयुष्यभरासाठी सक्तीची कशी? आणि वर २००५ ची व्हॅटिकनची सूचना अशी की ज्यांच्यात ही ओढ खोलवर आहे त्यांना सेमिनरीत घेऊ नये. म्हणजे ब्रह्मचारी राहा पण फादर होऊ नको. हे ऐकून ते हसले, म्हणाले यावर आमच्यातपण वाद आहेत. पुढं काही बोलले नाहीत.

वाद आहेत हे खरंय, आणि ते बाहेरच्यांना वाटतं तसे दोन बाजूंचे नाहीत, मधी बरेच मुक्काम आहेत. अमेरिकेतले येशूसंघीय, म्हणजे जेझुइट, फादर जेम्स मार्टिन, ते शिकवण बदला असं म्हणतच नाहीत, ते म्हणतात दुसरा परिच्छेद आधी नीट पाळून तर दाखवा, आदर, करुणा, संवेदनशीलता, हे तीन शब्द छापलेत ते कुठल्या पॅरिशमध्ये, कुठल्या गावच्या चर्चमध्ये दिसतात सांगा. सिस्टर जीनीन ग्रामिक यांची गोष्ट वेगळीच. ह्या बाईंनी फादर रॉबर्ट न्यूजंट यांच्याबरोबर १९७७ मध्ये न्यू वेज मिनिस्ट्री सुरू केली, १९९९ मध्ये व्हॅटिकननं दोघांनाही समलैंगिकांमध्ये कुठलंच काम करायला कायमची बंदी घातली, बाईंनी गप्प बसायला नकार दिला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याच बाईंना व्हॅटिकनमध्ये बोलावून भेट दिली. बाईंचं मत तेच, चर्चचं कागदावरचं मत तेच.

आणि अजून पुढं गेलेले म्हणजे जेम्स ॲलिसन, इंग्लंडचे धर्मगुरू आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक, स्वतः गे. त्यांचा मुद्दा मला सगळ्यांत जड वाटतो. ढोबळमानानं असा की निसर्गनियम म्हणायचं तर निसर्गाकडं बघावं लागेल, आणि बघितल्यावर जर कळलं की ही ओढ म्हणजे बिघाड नसून काही माणसं असतातच अशी, डावखुरे असतात तशी, तर मग बिघाडाच्या गृहीतकावर उभं केलेलं पुढचं सगळं पुन्हा तपासावं लागेल. यात देवाचं काही नाकारलेलं नाही, बायबल फेकलेलं नाही, चर्चच्याच पद्धतीनं चर्चला प्रश्न विचारलाय. फादर म्हणतात निसर्ग म्हणजे जंगलात काय आढळतं ते नव्हे, माणसाच्या जीवनाचा हेतू. बरोबर आहे, पण मग तो हेतू कळायचा कसा, आणि कुणाला विचारून? यावर आमची गाडी दर वेळी अडते.

आता पोप फ्रान्सिस, कारण त्यांच्यावरूनच घरात सगळ्यांत जास्त आरडाओरडा झाला. २०१३ च्या जुलैमध्ये रिओहून परत येताना विमानात पत्रकारांशी बोलताना ते म्हणाले की कुणी गे आहे आणि देवाला शोधतोय, मन चांगलं आहे, तर त्याचा न्याय करणारा मी कोण. जगभर हेडलाईन. मग २०२१ च्या मार्चमध्ये त्यांच्याच काळात व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक खात्यानं सांगितलं की समलिंगी जोडप्यांच्या नात्याला आशीर्वाद देता येणार नाही, देव पापाला आशीर्वाद देत नाही. २०२३ च्या जानेवारीत एका वृत्तसंस्थेच्या मुलाखतीत म्हणाले की समलैंगिक असणं हा गुन्हा नाही, आणि पाप आणि गुन्हा यात फरक करा. आणि १८ डिसेंबर २०२३ ला व्हॅटिकनचं ते आशीर्वादाबद्दलचं पत्रक 'फिदुचिया सुप्लिकान्स' आलं, नाताळ अगदी तोंडावर, घरोघरी करंज्या चाललेल्या, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला, पोपनी समलिंगी लग्नाला परवानगी दिली.

दिली नव्हती. कागद वाचला तर त्यात होतं की लग्न म्हणजे स्त्री आणि पुरुष यांचंच, त्यात बदल नाही, पण अशी जोडी फादरांकडं येऊन आशीर्वाद मागत असेल तर देता येईल, तो विधी नसावा, लग्नासारखा दिसू नये, लग्नाचे कपडे नकोत, कोर्टातल्या नोंदणीच्या कार्यक्रमाला जोडून नको. त्यावर इतका गदारोळ झाला की ४ जानेवारीला व्हॅटिकननं परत खुलासा काढला, त्यात असा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असेल असं लिहिलंय. आफ्रिकेतल्या बिशपांनी आठवड्याभरात सांगून टाकलं की आमच्याकडं हे आशीर्वाद होणार नाहीत, आणि त्यांना तशी मोकळीक मिळालीपण. जर्मनीत काही ठिकाणी त्याच्या किती आधीपासून उघड आशीर्वाद चालू होते. म्हणजे एकच चर्च, एकच पोप, एकच कागद. काका ग्रुपवरून लेफ्ट झाले, भाचीनं इंद्रधनुष्य टाकलं, आतेभावानं फक्त ख्रिसमसच्या शुभेच्छा टाकल्या. आणि सांगलीत काय झालं? काहीच नाही. आशीर्वाद मागायला जोडीनं चर्चमध्ये यायला आधी जोडीनं रिक्षातून उतरावं लागतं ना.

नवीन पोप लिओ चौदावे मे २०२५ मध्ये आले, त्यांनीपण मुलाखतीत सांगितलंय की सगळ्यांचं स्वागत, पण शिकवण नजीकच्या काळात बदलेल असं वाटत नाही. म्हणजे आहे ते आहे.

एक गोष्ट आपल्या इकडच्या लोकांना माहिती नसते म्हणून सांगते. डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम परत जिवंत केलं, दिल्ली हायकोर्टाचा २००९ चा निकाल उलटवून. तेव्हा कितीतरी धर्मांच्या पुढाऱ्यांनी आनंद व्यक्त केला, काही ख्रिस्ती संघटनापण त्यात होत्या. पण मुंबईचे कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशस, त्यांनी उघड सांगितलं की समलैंगिकांना चर्च गुन्हेगार मानत नाही. समलिंगी लग्नाला त्यांचा विरोध होता, तो त्यांनी लपवला नाही. पण तुरुंगात टाका म्हणणाऱ्यांत ते नव्हते. पुढं ६ सप्टेंबर २०१८ ला कोर्टानंच ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं काढलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. गंमत म्हणजे आज भारताचा कायदा आणि कॅथलिक चर्च साधारण एकाच जागी उभे आहेत, गुन्हा नाही, लग्नपण नाही.

आणि आदर, करुणा ह्या शब्दांचं काय व्हायला पाहिजे ते बघायला रोमला जायला नको. पाचगणीला रेड क्रॉसचं बेल-एअर हॉस्पिटल आहे, तिथं फादर लोकांनी एचआयव्हीचे पेशंट सांभाळलेत, कुणाला कसा झाला हे न विचारता. आणि इथं सांगलीतच संग्राम संस्थेच्या कामातून मुस्कान नावाचा गट उभा राहिला, पुरुष आणि तृतीयपंथी सेक्स वर्कर लोकांचा स्वतःचा. म्हणजे काका म्हणतात "आपल्यात कुठं होतं", तर चर्चपासून रिक्षानं जाता येईल एवढ्या अंतरावर होतं की. विचारलंच नाही कुणी.

लग्नाचं राहिलं. आत्यानं नगरकडची एक मुलगी बघितली होती, नर्सिंग झालेली, चांगल्या घरातली. आत्याचं म्हणणं, एकदा लग्न झालं की होतंय नीट, पुरुषाची जात. आतेभाऊ दमून हो म्हणायच्या बेताला आलेला. मला वाटलं आता चर्चच्या नावाखाली हे उरकणार. आणि थांबवलं कुणी माहितीये? त्याच फादरांनी, जे मला ब्रह्मचर्य शिकवत होते. आत्या बॅन्स, म्हणजे लग्नाची चर्चमधली जाहीर सूचना, लावायचं विचारायला गेली होती, आतेभावानं तिच्यासमोरच त्यांना खरं सांगून टाकलं. फादर आत्याला म्हणाले, मावशी, मुलीला सांगितलंय का हे? नाही ना? मग हे लग्न मी लावणार नाही. कॅनन लॉचं पुस्तक काढून दाखवलं त्यांनी, १०९८ कलम, महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणुकीनं संमती घेतली तर विवाह वैध होत नाही. आणि १०९५ पण, विवाहाची मूळ जबाबदारी पेलायची क्षमताच नसेल तर. म्हणाले चर्चनं कधीच शिकवलेलं नाही की लग्न हा यावरचा इलाज आहे, तुम्ही एका मुलीचं आयुष्य औषध म्हणून वापरताय.

आत्या त्यांच्यावर महिनाभर नाराज होती. म्हणाली, असले कसले फादर, लग्नाला नाही म्हणणारे. मला मात्र तेव्हापासून "कट्टर" हा शब्द त्यांना लावता येत नाही. आमच्या नातेवाइकांतले जे स्वतःला मोकळ्या मनाचे म्हणवतात ते सगळे म्हणत होते, उरका, पोरं झाली की विसरेल. आणि पुस्तकाला धरून चालणारा माणूस त्या मुलीचा विचार करत होता, जिला तोवर कुणी बघितलंपण नव्हतं नीट, नुसता बायोडेटा.

म्हणून मला कुणी विचारलं की तू शिकवणीच्या बाजूची का विरोधातली, तर मला धड सांगता येत नाही. २३५७, तो पहिला परिच्छेद, मला पटत नाही. आधी पटायचा, कारण विचार केलेला नव्हता. पण चर्च सोडून दे म्हणणारे मैत्रिणीमित्र आहेत त्यांनाही कळत नाही की आतेभावालाच सोडायचं नाहीये. तो पुण्यात दर रविवारी मिस्साला जातो. कम्युनियनला उठत नाही, बाकावर गुडघे टेकून राहतो. मी म्हणलं उठ की, तुझी आई उठते ना. म्हणाला, तिला कुणी विचारलं तर ती परिस्थिती सांगेल, मी काय सांगू, मला तर परिस्थिती चांगली आहे, मी माझ्या जोडीदाराबरोबर खूष आहे.

सध्या घरात गाजतंय ते वेगळंच. माझ्या भावाला मुलगी झालीये, बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात, आणि भावाला गॉडफादर म्हणून आतेभाऊच पाहिजे, लहानपणापासून दोघं एकत्र, दुसरं नावच नाही त्याच्या डोक्यात. कॅनन लॉचं ८७४ कलम म्हणतं धर्मपिता म्हणजे गॉडफादर सोळा वर्षांवरचा, दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) संस्कार झालेला, कॅथलिक आणि श्रद्धेला शोभेल असं जगणारा पाहिजे. शेवटचीच अट खरी. ब्राझीलच्या एका बिशपांनी व्हॅटिकनला हाच प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर दिलं गेलं, त्यात सरळ हो नाही आणि सरळ नाही पण नाही, जोडीनं नवरा-बायकोसारखं उघड राहणं समाजाला माहिती असेल तर गोष्ट वेगळी, आणि शेवटी त्या ठिकाणच्या धर्मगुरूनं विवेकानं ठरवायचं. त्या ठिकाणचे धर्मगुरू म्हणजे आमचे हेच. भावानं फॉर्मवर नाव लिहून दिलंय. फादरांनी फॉर्म घेतला, वाचला, म्हणाले मी त्याच्याशी आधी फोनवर बोलतो. काकांना अजून कळलेलं नाही, आणि आत्या मागच्या आठवड्यात हळूच मला विचारत होती की तो गॉडफादर झाला तर फोटोत तो दुसरा पण उभा राहील का, आणि त्याला मटण चालतं ना.